आण्णांची मिशी

माकणी, ता. लोहारा
२४ नोव्हेंबर २०२४

नाना, पाया पडते.

मी हर्षाली, तुमच्या धाकट्या भावाची मुलगी. आईच्या दिवसकार्यानंतर दोन वर्षांनी लिहितेय, तेही कामासाठी, म्हणून काय रागवायचं ते आधीच रागवून घ्या. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मोबाईलवरची बारीक अक्षरं तुम्ही वाचत नाही, असं आई सांगायची. तिच्याच वहीत वाडी जंक्शनचा तुमचा पत्ता सापडला.

आण्णांना श्रावणात अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात, उजवा पाय गेला. वाचा गेली. कळतं सगळं, पण तोंडातून शब्द निघत नाही. मी सासरहून, ईटहून, तेव्हाच इकडं आलेय ती इथंच आहे.

सध्या जीव खाल्लाय तो दाढीनं. तीन महिन्यांची वाढलीय. उजव्या कोपऱ्यातून लाळ गळते, घास अडकतो, आत कातडी सडल्यासारखी झालीय. डॉक्टर म्हणाले, दाढी करून तोंड कोरडं ठेवा, नाहीतर जखमा चिघळतील. सलूनवाले सोमलिंगमामा दोनदा घरी आले. पहिल्यांदा आण्णांनी त्यांचं मनगट धरलं, दुसऱ्यांदा अंगावर थुंकले. मग मी दुकानातलं प्लॅस्टिकचं, वापरून टाकायचं रेझर आणलं. दोन ओढीत ते केसांनी तुंबलं आणि केस उपटायला लागलं. आण्णांनी माझ्याकडं असं बघितलं की मी परसात जाऊन रडले.

परवा आईची ट्रंक उघडली तर लुगड्यांखाली रुमालात बांधलेलं जुनं दाढीचं मशीन निघालं. जड, पितळी, हिरवं पडलेलं. दांड्याच्या बुडाला खिळ्यानं कोरलंय, 'कों'. तुमचंच ना? आण्णांनी ते बघितलं आणि डावा हात पुढं केला. हातात घेतलं ते सोडेनात. या मशीननं ते करू देतील असं मला वाटतं. पण नाना, ते उघडायचं कसं हेही मला माहीत नाही. शिकवा.

हर्षाली


वाडी जंक्शन
१ डिसेंबर २०२४

पोरी हर्षाली,

रागव म्हनलीस, रागावलो. झालं. आता कामाचं ऐक.

ते मशीन माझंच. १९७२ ला शिकंदराबादच्या जुन्या बाजारात घेतलं. तवाच ते जुनं होतं, कुण्या गोऱ्या सायबाचं असंल. आजकालच्या मशीनांपेक्षा हजार पटीनं भलं, पर त्याला घाईचा मानूस चालत न्हाय.

दांडा डावीकडं फिरव. फिरायचा न्हाय. इतक्या वर्सांचा साबन आट्यात चुन्यागत बसला असंल. पकड लावशील तर खबरदार, पितळ मऊ असतंय, आटे जातील. रातभर कोमट पान्यात ऱ्हाऊ दे, सकाळी आपल्या आपन फिरंल. हिरवं पडलेलं जुन्या दातांच्या ब्रशनं घास. बायकांना पितळ दिसलं की चिंच आठवती, ती लावू नको, वरचं निकेल जाईल. पातं लोहाऱ्यात कुठंबी मिळंल, दोन्हीकडनं धार असलेलं. बसवताना आखूड कडंला धर, धारंकडं बोट न्हाय.

पयल्यांदा फुग्यावर शीक. समदे न्हावी तसंच शिकत्यात. फुगा फुगव, साबनाचा फेस लाव, मशीननं फेस तेवढा उतरव. फुगा फुटला तर आपल्या हाती रक्त निघालं आसं समज.

मग त्याच्या तोंडावर गरम फडकं ठेव, चांगलं धा मिनिटं. केस मऊ झालं की निम्मं काम झालं. ब्रश गोल फिरवून दाट फेस कर. दाबायचं न्हाय, हे ध्यानात ठेव. तुमची प्लॅस्टिकची दाबून चालत्यात, हे आपल्या वजनानं चालतंय. दांडा गालापासनं लांब, जरा कलता, म्हंजी पातं चामडीवर निजल्यावानी जातंय. आखूड आखूड हात. सुलटा हातच मार, केसाच्या कलानं. उलटा हात मारला की गुळगुळीत दिसतंय, पर आजारी चामडीला नगं. त्याच्या डाव्या जबड्याखाली भोवरा हाय, तिथं केस वर जात्यात, म्हनून तिथं खालनं वर. उजव्या गालाला कापलं तरी त्याला कळायचं न्हाय, तवा तूच डोळ्यात तेल घालून बघ. चामडी कानाकडं ताणून धर. शेवटाला गार पानी आन तुरटी.

बाकी लिहिन्यासारखं काय न्हाय.

कोंडीराम


माकणी
१४ डिसेंबर २०२४

नाना,

चौदा फुगे फुटले! गल्लीतली पोरं दारात रांग लावून होती, प्रत्येक फुग्याला टाळ्या. पंधरावा वाचला, सोळावा वाचला, मग मी आण्णांकडं गेले.

आधी दहा मिनिटं गरम फडकं ठेवलं. मग ते काढून फेस लावला आणि आण्णांनी डोळे मिटले, लहान मुलासारखी हनुवटी वर केली. सोमलिंगमामांवर थुंकणारा माणूस तो हाच का, असं वाटलं. तुम्ही सांगितलं तसं मशीनचं वजन मशीनलाच पेलू दिलं. खर्र खर्र असा बारीक आवाज येतो, तो थांबला की समजायचं केस संपले. भोवरा अगदी तिथंच निघाला. एकोणीस वर्षं तुम्ही भावाचं तोंड बघितलं नाही आणि त्याच्या जबड्याखालचे केस कुठं वळतात ते तुम्हाला पाठ आहे! तुमचं नक्की काय बिनसलंय, हे मला ना आईनं सांगितलं ना आण्णांनी.

एका दिवसाआड करतेय. जखमा सुकल्या. त्या दिवसापासून आण्णा जेवतायत, दुधात कुस्करलेली अख्खी भाकरी. दाढी झाली की पातं काढून मशीन त्यांच्या हातात देते, ते बोटानं तुमचं अक्षर चाचपत बसतात. नाना, मला वाटलं होतं या माणसानं जगायचं सोडलंय. तसं नाही.

तीस तारखेला वेळ अमावस्या आहे. आम्ही त्यांना पूजेला, जेवणाला टेम्पोतून शेतात नेणार. आंबील, भज्जी, उंडे, सगळं करतेय. तुम्ही या. एक दिवस या.

हर्षाली


वाडी जंक्शन
२१ डिसेंबर २०२४

हर्षाली,

हात बसला म्हनायचा. शाबास.

येनं जमायचं न्हाय. मला ऐकू येत न्हाय, त्याला बोलता येत न्हाय, समोरासमोर बसून काय एकमेकांच्या टोप्या बघायच्या? आंबील त्याला पाज, दोन वाट्या पितो.

मिशी वाढली असंल तर कात्रीनं छाट. तिथं मशीन नगं.

कोंडीराम


माकणी
२ जानेवारी २०२५

नाना,

माझ्या हातून वाईट झालं. तुम्ही नको म्हणाला होता, तरी केलं.

अमावस्येच्या सकाळी आण्णांना शेतात न्यायचं म्हणून दाढी केली. मिशी ओठावर आलेली, आंबील चिकटेल म्हणून कात्रीनं छाटली. उजवीकडची कड वाकडी दिसत होती. म्हटलं, हात बसलाय आता, मशीननं सरळ करावी. तेवढ्यात दारात टेम्पोचा हॉर्न वाजला, आण्णांनी मान वळवली आणि उजवी मिशी अर्धी उतरली. अर्ध्या मिशीचा माणूस चार लोकांत कसा न्यायचा? मी सगळीच काढून टाकली. आई-बाप गेल्यावर मिशी काढतात, हे मला माहीत आहे. पण आजोबा जाऊन साठ वर्षं झाली, आजीला एकोणीस, मग कुणाचं अशुभ होणार, असा माझा शहाणपणा.

वर आरसा पुढं धरला आणि हसत म्हणाले, "बघा आण्णा, किती तरुण दिसताय!" त्यांनी ओठावर हात फिरवला. माझ्याकडं बघितलं. परत आरशात. शेजारच्या लक्ष्मीबाई टेम्पोत बसायला म्हणून आल्या त्या दारातच किंचाळल्या, "आगं बया, कोण गेलं?" झालं. आण्णांनी असा हंबरडा फोडला की टेम्पोवाला आत पळत आला. कपाळ बडवून घ्यायला लागले. मी सांगतेय कुणी गेलं नाही, चूक झाली, हात चुकला. ऐकतच नाहीत.

शेतात आंबिलीचा थेंब घेतला नाही. आज चौथा दिवस, पाणी तेवढं घेतात. काय होतंय विचारलं की मशीनकडं बोट दाखवतात, दांड्याच्या बुडाला बोट टेकवतात आणि रडतात. मला वाटलं मशीनचा राग आलाय, म्हणून ट्रंकेत टाकलं. तर आणखीच रडले. मी काय करू?

हर्षाली


वाडी जंक्शन
८ जानेवारी २०२५

हर्षाली,

मशीन ट्रंकेतनं काढ. त्याच्या हातात दे.

आरसा झाकून ठेव. त्याला सांग, वाडीला समदं खुशाल हाय. कानाशी वाकून सांग, रोज सांग. शेजारी वीरप्पा म्हनून हायेत, त्यांचा नंबर मागं लिहिलाय. फोनवर तोंड दिसतंय म्हनत्यात, तसला फोन लाव. त्याला माझं तोंड दाव. जास्त विचारू नको.

कोंडीराम


माकणी
१६ जानेवारी २०२५

नाना,

हे पत्र स्पीड पोस्टनं पाठवतेय.

"वाडीला सगळं खुशाल आहे" असं, तुमचं पत्र बारा तारखेला आलं तेव्हापासून, मी रोज कानाशी सांगितलं. ते मान हलवायचे, समजूत घालणाऱ्याला आपण हलवतो तशी. मग काल दुपारी वीरप्पांचा फोन लागला. तुम्ही दिसलात. तुम्हाला एवढी पांढरी दाढी आहे हे मलाही माहीत नव्हतं. तुम्ही नुसते बघत होता. आणि रेंज गेली. तुमचं तोंड तसंच थिजून राहिलं, मागं हिरवी झाडं, वर टोपी. आण्णांनी ते बघितलं आणि डावा हात कपाळाला लावला. नाना, आपल्याकडं कुणी गेलं की मोबाईलवर फोटो फिरतो ना, खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली', त्या फोटोला लावतात तसा. मग मोबाईल छातीशी धरून हुंदके द्यायला लागले.

तेव्हा मला कळलं. दांड्यावरचं अक्षर, तुमचं नाव! मी किती बिनडोक. आण्णा तुम्हाला मेलेले समजतायत. मी तुमच्यासाठी त्यांची मिशी काढली आणि आता लपवतेय असं त्यांना वाटतंय.

आणि हे तुम्हाला माझं दोन तारखेचं पत्र वाचल्या वाचल्या कळलं होतं. म्हणून 'तोंड दाव' लिहिलंत. मग सरळ का नाही सांगितलं? भावासाठी कुणी मिशी काढतं का? यात काय आहे जे मला सोडून सगळ्यांना ठाऊक आहे?

पंधरा दिवसांत दोन चमचे पेज, तीही जबरदस्तीनं. पाठीची हाडं हाताला लागतात. डॉक्टर म्हणाले, आठवडाभर बघू, नाहीतर नाकातून नळी घालू, आणि या वयात, या तब्येतीला, ते काही खात्री देत नाहीत. बाप माझ्या डोळ्यांसमोर उपाशी मरतोय नाना. तुमचं भांडण तुम्ही नंतर भांडा. या.

हर्षाली


वाडी जंक्शन
२० जानेवारी २०२५

पोरी,

हे पत्र तुला मिळायच्या आदी मी माकणीत आलो असंन. तरी लिहितो. तोंडानं हे माझ्याच्यानं सांगवायचं न्हाय.

बाप गेला तवा तुझा आण्णा, आमचा वैजू, चार वर्सांचा, म्या सोळाचा. त्याला मीच वाढवला. लगीन केलं न्हाय ते त्याच्यापायीच. त्याची पयली दाढी ह्याच मशीननं म्या केली, भोवऱ्याला कापलं तवा दोघंबी लई हसलो. त्याच्या लग्नात मशीन त्यालाच दिलं. तो मला दादा म्हनायचा, पर बापाच्या जागी मानायचा. म्हनून माझ्यासाठी त्यानं मिशी काढली असती. हे त्यालाबी ठाव, मलाबी ठाव.

माय शेवटाला माझ्याकडं वाडीला होती. मे महिन्यात गेली. आमच्याकडचं ऊन तुला ठाव न्हाय, दगड फुटतोय. लोक म्हनले मयत ठेवू नका. म्या वैजूची वाट बघितली न्हाय. चार घंट्यांनी तो आला तवा राख होती. मायचं तोंड बघायला मिळालं न्हाय म्हनून त्यानं चार मानसांत माझा गळा धरला, माय काय तुझ्या एकट्याची होती का म्हनला. माझंबी डोकं फिरलं. म्या म्हनलो, आता माझ्या नावाची मिशी काढशील तवाच तुझं माझं नातं, त्याआदी तोंड दावू नको.

आसं बोललो मी. लेकरासारख्या भावाला.

तुझी आई गेली तवा आलो होतो. माकणीच्या फाट्यावर उतरलो. तासभर उभा ऱ्हायलो आन वापस गेलो. पाय उचलंना.

आता तो काय समजत असंल ते मला पुरतं कळतंय. मायचं तोंड दावलं न्हाय, आता दादाचंबी दावलं न्हाय, असंच त्याला वाटतंय. तुला लिहिलं न्हाय कारन लाज वाटली. फोनवर भागंल म्हनून बघितलं.

हात कापतोय म्हनून दोन वर्सं दाढी केली न्हाय, तुला शिकवत बसलो मोठा शहाना. उद्या इथल्या न्हाव्याकडनं साफ करतो. ह्या जंगलात तो मला वळखायचा न्हाय. परवा कलबुर्गीहून उमरग्याची बस धरतो.

कोंडीराम


वाडी जंक्शन
३० जानेवारी २०२५

पोरी हर्षाली,

तंबाखू आनतो म्हनून निघालो ते इकडंच आलो. खोटं बोललो, माफ कर. तुझ्या तोंडावर जातो म्हनवलं न्हाय.

पयल्या दिवशी तू बघितलंसच. माझ्या दोन्ही गालांवरनं हात फिरवला त्यानं, नाक धरून बघितलं, कान धरून बघितला, आन मग थोबाडीत मारली. डाव्या हाताची, पर चांगली बसली. मला बरंच वाटलं. म्हनलं, आता फिटलं. पर त्यानं जे तोंड भिंतीकडं केलं ते केलंच.

पाच दिवस म्या भरवलं, पाची दिवस जेवला. आंबीलबी प्याला. पर घास घ्यायपुरतं तोंड वळवायचं आन डोळं मिटून घ्यायचं. मायबद्दल माफी मागितली. मला माझा आवाज कळत न्हाय, समद्या गल्लीनं ऐकली असंल. तो हालला न्हाय. म्हनलं कोंडीराम, त्याला जेवता करायला आला होतास, जेवला. मी जित्ता हाय हे त्याला कळलं. आता आपलं तोंड घेऊन त्याच्या डोळ्यांपुढं कशाला बसायचं? एकोणीस वर्सांचं आसं पाच दिसांत सुटत न्हाय, आन सुटावंच असा माझा हक्क न्हाय.

नळी घालावी लागली न्हाय, हे लई झालं. त्याची दाढी करत जा. मला इकडं बरं हाय.

कोंडीराम


माकणी
४ फेब्रुवारी २०२५

नाना,

तुमचं पत्र आण्णांना वाचून दाखवलं नाही. त्यांना सहन झालं नसतं.

तुम्हाला काही म्हणजे काही कळलं नाही हो. ते तोंड भिंतीकडं का करायचे माहीत आहे? लाळ गळते म्हणून. थोरल्या भावापुढं आपला वाकडा ओठ दिसू नये म्हणून. मी रोज पुसते, माझ्यापुढं नाही लाजत. दुपारी जेवणं झाली की तुम्ही खुर्चीत डुलकी घ्यायचात ना, तुमचा डोळा लागला की ते कुशीवर वळायचे आणि तुमच्याकडं बघत राहायचे. तुम्ही खोकलात की परत भिंत. मला हसू यायचं. मी म्हटलं, म्हातारे हळूहळू वळतील, आपण मधे बोलायला नको. मी तेव्हाच बोलायला पाहिजे होतं.

त्या दिवशी मी स्वयंपाकघरात होते. तुम्ही तंबाखू म्हणालात ते ऐकलं. पण तुम्ही पिशवी उचललीत ती आण्णांनी बघितली. तुम्ही उंबरा ओलांडला, पाठ फिरवलीत, आणि आतून आवाज आला. मला आधी कळेना कुणाचा. असा आवाज या घरात श्रावणापासून नव्हता. मी तवा टाकून पळाले. आण्णा डाव्या कोपरावर उठून बसायला बघत होते, तोंड दाराकडं, गळ्याच्या शिरा फुगलेल्या. परत एकदा म्हणाले. स्पष्ट.

मी तशीच रस्त्यावर धावले. तुम्ही वडापच्या जीपमधे बसत होता. मी "नाना! नाना!" करून बेंबीच्या देठापासून ओरडले. सगळी गल्ली वळली. तुम्ही वळला नाहीत. जीप गेली. परत आले तर आण्णा माझ्याकडं बघत होते, आला का म्हणून. त्या दिवसापासून जेवतात, मी भरवते तेवढं. पण दारात जीप थांबली की घास तोंडात तसाच राहतो.

वीरप्पांना फोन करून हे सांगता आलं असतं. त्यांनी हातवारे करून तुम्हाला समजावलं असतं. पण ते मला नको वाटलं. डॉक्टर म्हणाले, आता आणखी शब्द येतील किंवा येणारही नाहीत, सांगता येत नाही. सहा महिन्यांत माझ्या बापाच्या तोंडून एक शब्द निघाला, दोनदा निघाला, आणि ज्याच्यासाठी निघाला त्या एका माणसाला सोडून सगळ्यांनी ऐकला. तो मी तुम्हाला कागदावर, मोठ्या अक्षरात लिहून पाठवतेय. त्यांनी म्हटला तसाच.

ऱ्हा.

हर्षाली